मागचा पंखा

समिनाच्या पोटात दुखायला लागलं ते एका स्टुलावरून. डॉक्टरला दाखवावं असं ते दुखणं नव्हतं. दुकानातल्या टेबलाच्या उजव्या हाताला एक लोखंडी स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी दिलेली. त्या स्टुलावर समिना बसायची, आणि तिला वाटायचं की ते स्टूल आपलं आहे.

दुकान म्हणजे बीडातल्या त्यांच्या घराचीच पुढची खोली. तिचा नवरा हैदर तिथं कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. नवी नवरी होती तेव्हा समिना फक्त चहा घेऊन दुकानात यायची. हैदर मान वर न करता म्हणायचा, "जरा टॉर्च धर ना." ती धरायची. धरता धरता तिला कॉम्प्युटरच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत मशीनच्या, पोटात काय कुठं असतं ते कळत गेलं, आणि एक दिवस टॉर्च हैदरच्या हातात होता आणि स्क्रू-ड्रायव्हर तिच्या. मग बाया तिच्याकडे यायला लागल्या. कुणाच्या मशीनमध्ये लग्नाचे फोटो, कुणाच्या बारशाचे, कुणाचं आणखी काय काय. बाईमाणसाचं मशीन परक्या पुरुषानं उघडावं हे बायांना आवडत नव्हतं आणि त्यांच्या घरच्यांना तर मुळीच नाही. हैदरनं हे बरोबर हेरलं आणि पाटीवर लिहून टाकलं, 'लेडीज टेक्निशियन उपलब्ध'. कॉलेजच्या पोरी, शिकवणी घेणाऱ्या बाया, शिलाईवाल्या, सगळ्या दारातून विचारायच्या, "समिनाताई हायेत का?" त्या हाकेची तिला सवय झाली होती. चहाची होते तशी.

आणि मग जोया आली.

जोया म्हणजे हैदरच्या धाकट्या भावाची, आमेरची बायको. आमेर फळांचा टेम्पो चालवायचा आणि बहुतेक वेळ रस्त्यावरच असायचा. जोया अंबाजोगाईची. तिचे वडील कूलर दुरुस्त करायचे, आणि उन्हाळाभर त्यांच्या अंगणात लोकांचे कूलर रांगेत उभे असायचे. त्या कूलरांमध्येच ती वाढली. घरात नवी सून आली म्हणून समिनानं तिला हौसेनं दुकान दाखवलं, स्टुलावर बसवलं, हा स्क्रू, ही वायर असं सांगितलं. एवढं कौतुक केलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढं किती वेळा वाटलं ते तिचं तिलाच ठाऊक. पोरगी सहा-सात महिन्यांत समिनाची चार वर्षं गिळून बसली.

आता जोया वाईट होती का? तेच तर समिनाचं खरं दुखणं होतं. उद्धट असती, आळशी असती, तर समिनानं तिला सरळ केलं असतं आणि रात्री शांत झोपली असती. पण ती सासूचे, जाहेदाबींचे पाय दाबायची, समिनाला "भाभी, भाभी" म्हणायची आणि काम करताना गुणगुणायची. (घरात सगळे दखनी उर्दूच बोलत. इथं आपण ते आपल्या बोलीत ऐकू.) तिच्या गुणगुणण्याचासुद्धा समिनाला राग यायचा.

जोयाच्या दोन खोडी होत्या. पहिली नेलपॉलिशची. लग्नात मैत्रिणींनी दिलेली लाल नेलपॉलिशची बाटली तिच्याकडे पडून होती. नखांना लावली तर नमाजाआधी हातपाय धुण्याचं, वजूचं पाणी नखापर्यंत पोचत नाही, आणि जोयाची नमाज चुकत नसे. म्हणून ती बाटली तिनं दुकानात आणली आणि वायरींना लावायला सुरुवात केली. प्लग काढायच्या आधी प्लगवर एक लाल ठिपका, तो जिथून निघाला तिथं दुसरा. परत बसवताना ठिपक्याला ठिपका जुळवायचा, संपलं. समिना सगळं डोक्यात ठेवायची आणि त्याचा तिला अभिमान होता. "नखं रंगवायची न्हाईत आन् वायरी रंगवायच्या," असं ती एकदा हसत हसत म्हणाली. हैदर हसला नाही. तो म्हणाला, "आयडिया लई भारी हाय गं. आपल्याला कशी सुचली न्हाई?" त्या 'आपल्याला'मध्ये समिनाही आली होती, आणि ते तिला बोचलं.

दुसरी खोड तळहाताची. मशीन गिऱ्हाइकाला देताना जोया ते चालू करून मागच्या जाळीपाशी तळहात धरायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर धरावा तसा. कूलरवाल्याची पोरगी, हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते हे हाताला कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. समिनाला हे नाटक वाटायचं. त्या खोडीकडे तिनं कधी नीट लक्ष दिलं नाही, आणि इथंच ती फसली.

लग्नसराई सुरू झाली होती. एका दुपारी तलवाड्याहून विमलबाई आणि त्यांची सून संस्कृती अशा दोघी आल्या. विमलबाईंनी एसटीत मशीन गोधडीत गुंडाळून मांडीवर आणलं होतं. संस्कृती ब्लाऊजवर कॉम्प्युटरची एम्ब्रॉयडरी करायची. मोर, कोयरी, नवरा-नवरीची नावं, सगळी नक्षी त्या मशीनमध्ये होती. लाईट येत-जात होती, त्यात फट्‌ असा आवाज झाला, वास आला आणि मशीन मेलं.

समिना उठली. "या संस्कृतीबाई, द्या इकडं."

संस्कृती जरा चुळबुळली. मग म्हणाली, "समिनाताई, राग मानू नका. त्या जोयाताई हायेत का? मागं माझ्या नणंदेचं मशीन त्यांनी केलतं. ती म्हणली, त्यांच्याच हाताला दे."

समिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चेहरा तिनं असा ठेवला की जणू तिलाच हे सुचवायचं होतं. "हायेत की. जोया, ए जोया, तुझं गिऱ्हाईक आलंय." आणि ती स्टुलावरून उठली. कुणी उठवलं नव्हतं, आपण होऊन उठली, आणि उठल्यावर तिला उभं कुठं राहावं ते कळेना.

जोयानं झाकण काढलं आणि वास घेऊनच सांगितलं की एसएमपीएस जळाला आहे. एसएमपीएस म्हणजे सगळ्या मशीनला करंट वाटून देणारा तो चौकोनी डबा. बाकी सगळं शाबूत दिसत होतं. हैदरनं कपाटातून नवा डबा काढून दिला आणि दोघींना सांगितलं, "बाजार करून या, चारला मशीन तयार." विमलबाई बाजाराला गेल्या, संस्कृतीही गेली.

जोया कामाला लागली. त्या मशीनला दोन पंखे होते. पुढचा बाहेरची हवा आत ओढणारा, मागचा आतली तापलेली हवा बाहेर फेकणारा. पुढच्याची वायर थेट जुन्या डब्याला जोडलेली होती. मागच्याचा बारीक प्लग मदरबोर्डवर होता, पण डबा काढायचा तर तोही वाटेत येत होता, म्हणून काढावा लागणार होता. जोयानं बाटली हलवली आणि टिप, टिप, टिप ठिपके दिले. जुना डबा निघाला, नवा बसला. मोठा प्लग, प्रोसेसरचा प्लग, हार्ड डिस्कचा प्लग, मग पुढचा पंखा, मग मागचा. ठिपक्याला ठिपका.

"भाईजान, जरा टॉर्च," जोया म्हणाली.

आणि हैदरनं टॉर्च धरला. समिना दारात ताटं पुसत उभी होती. एवढ्या वर्षांत हैदर तिच्यासाठी टॉर्च धरायचा, ती धरायची हैदरसाठी, त्या टॉर्चच्या उजेडात तिसरं कुणी नव्हतं. हैदरच्या मनात काहीच नव्हतं, तो भोळा माणूस होता, त्याला फक्त प्लग दिसत होता. समिनालाही हे कळत होतं. कळूनही जळायचं ते ती जळलीच.

मशीन चालू झालं. दोन्ही पंखे फिरले. जोयानं ते बंद केलं, आणि तेवढ्यात आतून जाहेदाबींनी हाक मारली की दुपारची, जोहरची नमाज टळून जाईल. हैदर कुरिअरचं पार्सल आणायला गेला.

"जा तू," समिना म्हणाली. "झाकण मी लावते."

"शुक्रिया भाभी," म्हणून जोया आत गेली.

समिना आपल्या स्टुलावर बसली. समोर मशीन उघडं पडलेलं. वायरी एकीशेजारी एक घेतलेल्या, लाल ठिपके चमकणारे. काम सुंदर झालं होतं. तिनं स्वतः केलं असतं तर इतकं नीट झालं नसतं, आणि हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं दोन बोटं आत घातली, मागच्या पंख्याचा प्लग चिमटीत धरला आणि ओढून काढला. वायर इतर वायरींच्या मागं दडवली. आता तलवाड्यात संस्कृतीच्या पत्र्याच्या घरात मशीन तापेल, बंद पडेल, पुन्हा पुन्हा पडेल. संस्कृती म्हणेल, जोयाताई पंखा लावायलाच विसरल्या. कळू दे सगळ्यांना. तिनं झाकणाचे स्क्रू घट्ट आवळले आणि डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडली. चार वाजता दोघी आल्या, दुकानात काही बोलणं झालं, मशीन गेलं, हे सगळं तिनं उशीत तोंड खुपसून नुसतं आवाजावरून ओळखलं.

मग ती फोनची वाट बघायला लागली.

फोन वाजला की तीच आधी धावायची. कुणाचा प्रिंटर अडलेला, कुणाचा पासवर्ड हरवलेला, नेकनूरच्या एका बाईंचा तर चुकूनच लागलेला. तलवाड्याचा फोन काही येईना. ऊन एवढं तापलं होतं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं, आणि ते मशीन बंद पडत नव्हतं! शेवटी आला एकदाचा फोन. संस्कृती आनंदानं सांगत होती, "ताई, मशीन लई झकास चालतंय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालूच असतंय. चालू ठेवलं तर चालंल ना?"

"चालंल की," समिना म्हणाली. फोन ठेवला आणि तिला घाम फुटला.

आधी आला तो रागच. हिच्या हातचं बिनपंख्याचंही चालतं! अल्लानं एकाच बाईच्या हाताला सगळा गुण द्यावा आणि दुसरीनं नुसतं बघत बसावं, हा कुठला न्याय! हैदरनं त्यावर मीठ चोळलं. जेवताना म्हणाला, "जोयाच्या हाताला यश हाय." समिनानं त्याच्या ताटात नको इतकी आमटी ओतली.

पण त्यानंतर दुसरं काहीतरी सुरू झालं. दिवसभर चालू मशीन, मागचा पंखा बंद, वरून तापलेला पत्रा. बंद पडलं असतं तर परवडलं असतं. पण असंच तापत राहिलं आणि आतून काही कायमचं गेलं तर? लग्नसराईत संस्कृतीची सगळी नक्षी त्यात होती. कुणाकुणाच्या लग्नाची ब्लाऊजं तिच्याकडे पडली असतील. आणि विमलबाईंनी ते मशीन लेकरू घ्यावं तसं मांडीवर घेऊन आणलं होतं. समिनाला जोयाचं नाव खराब करायचं होतं, या बायांची भाकरी नाही.

गेवराईच्या खालाला, मावशीला बघून येते, असं घरात सांगून ती निघाली. पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर टाकला. बीडाहून गेवराई, तिथून जीपनं तलवाडा. वाटेत तिनं ठरवून टाकलं की काही न बोलता प्लग बसवायचा, झाकण लावायचं आणि परत यायचं. कुणाला काही कळणार नाही, आणि जोयाचं भलं झालं तर होऊ दे, काय करणार!

"अगं बाई, समिनाताई! एवढ्या उन्हात कावून आल्या?" संस्कृतीनं पाणी दिलं. विमलबाई चहा ठेवायला आत गेल्या.

"इकडं आलते. म्हणलं मशीन बघून जावं. उन्हाळा हाय, आतून एकदा बघितलेलं बरं."

संस्कृतीनं मशीन बंद करून दिलं. समिना खाली मांडी घालून बसली, झाकण सरकवलं आणि हात आत घातला. हात तिथंच थांबला.

मागच्या पंख्याचा प्लग जागच्या जागी बसलेला होता.

तिनं मान खाली घालून नीट बघितलं. प्लगवरचा जुना ठिपका होताच. पण त्याच्यावर नेलपॉलिशचा एक ताजा, जाड थर होता. प्लग आणि खालची जागा दोन्हींवर मिळून ओढलेला, लाखेची मोहर लावावी तसा. बाकी एकाही वायरीला असं केलेलं नव्हतं. आता तो प्लग कुणी ओढला असता तर लाल थर तडकला असता, आणि कुणीतरी तो ओढला हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"काही बिघडलंय का ताई?" संस्कृतीनं विचारलं.

"न्हाई."

"न्हाई म्हणजे काय बिघडणार! तुमीच तर वाचवलं त्या दिवशी," संस्कृती म्हणाली. "आमी न्यायला आलतो तर जोयाताईंनी मशीन चालू केलं, मागं हात धरला आन् लगेच बंद केलं. मग परत सगळं उघडलं. मी म्हणलं, काय झालं? तर म्हणल्या, भाभीला शंका आलती, मागचा पंखा परत एकदा बघ म्हणून भाभीनंच सांगितलं होतं. मी घरी येऊन आत्याबाईंना बोलले बघा, समिनाताईची नजर लई बारीक हाय."

समिनाचा चेहरा उन्हानं लाल झाला होता म्हणून बरं. तिला वाटलं, हे ऐकण्यापेक्षा जोयानं चारचौघांत आपल्या झिंज्या उपटल्या असत्या तर सोसलं असतं. भांडण झालं असतं, रडारड झाली असती, दोघी सारख्याच वाईट ठरल्या असत्या. या पोरीनं तिला सांभाळून घेतलं होतं आणि वर कुलूपही लावलं होतं. आणि त्याच संध्याकाळी आतल्या खोलीत येऊन "भाभी, सरबत देऊ का?" म्हणून विचारलं होतं. समिनाच्या पोटात पुन्हा तेच दुखणं उठलं. ती जोयाच्या हातावर जळत होतीच, आता तिच्या मनावरही जळायची पाळी आली.

बोटं अजून प्लगपाशीच होती. एकदा तिच्या मनात येऊन गेलं, ओढावा. खोटं कशाला बोलायचं, आलं मनात. मग तिनं हात बाहेर काढला आणि झाकण लावलं.

"कसं वाटलं काम?" संस्कृतीनं विचारलं.

समिनानं पहिला स्क्रू पिळला, दुसरा पिळला. "जोयानं चांगलं बसवलंय," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं." मग ती विमलबाईंचा चहा बशीत ओतून घटाघटा प्याली. चहा फार गोड होता.

गेवराईत खालाकडे ती गेलीच नाही. बसची वाट बघताना स्टँडसमोरच्या बांगड्यांच्या दुकानात शिरली.

बीडात पोचली तेव्हा दुपार कलली होती. जोया स्टुलावर होती, समोर कुणाचं तरी मशीन उघडं. समिनाला बघून ती लगेच उठली. "बसा भाभी. थकला असाल."

तेच स्टूल. ज्यासाठी सगळं केलं ते आता आपण होऊन पुढं आलेलं. समिना बसली नाही. पर्समधून तिनं एक बाटली काढून टेबलावर ठेवली. हिरवी नेलपॉलिश, पोपटाच्या पाठीसारखी.

"लाल तुझी," ती म्हणाली. "ही माझी. ज्यानं प्लग बसवला त्याचा ठिपका. कुणाचं काम कुणाचं, हे दिसलं पाहिजे."

जोयानं बाटलीकडे बघितलं, मग समिनाकडे. नेहमीसारखी ती हसली नाही. घरात आल्यापासून पहिल्यांदाच समिनानं तिचा न हसणारा चेहरा बघितला, आणि तो चेहरा चांगला वयस्कर होता.

"तलवाड्याला गेलत्या का?" तिनं हळू विचारलं.

"हां."

"बघितलं?"

"बघितलं."

बाहेर हैदर कुणाशी तरी बोलत होता. जोयानं दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज आणखी खाली आणला. "भाभी, माझा पंखा परत काढू नका. पुढच्या वेळेला मी भाईजानना सांगंन."

समिनाला काय वाटलं विचाराल तर, बरं वाटलं. पोरगी अगदीच फरिश्ता नव्हती. तिलाही राग येत होता, तिलाही ते स्टूल हवं होतं.

"न्हाई काढणार," ती म्हणाली. "चुकलं माझं. तुझ्यावर लई जळते मी, म्हणून केलं."

"माहीत हाय मला," जोया म्हणाली.

तेवढ्यात हैदर आत आला. दोघींच्या मधल्या त्या हिरव्या बाटलीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. उघड्या मशीनमध्ये वाकून तो म्हणाला, "अरे, याचा पण पंखा जोडायचा राहिलाय. टॉर्च कोण धरतंय?"

जोया उभीच होती. स्टूल रिकामं होतं. समिनानं खिळ्याला अडकवलेला टॉर्च काढला आणि मानेनं जोयाला खूण केली, बस. जोया बसली. तिची बोटं आत शिरली, अंधारातून पंख्याचा प्लग शोधून काढला आणि एका दमात बसवला. समिनाला तो शोधायला याच्या दुप्पट वेळ लागला असता. हे तिला दिसलं, आणि पोटात दुखलंच.

टॉर्च मात्र तिनं हलू दिला नाही.